बारा किलोंचा कडता

अहो, परवा तुमचा तेरावा झाला. मंडप उतरवला, वाढपाची भांडी परत गेली, पाहुणे आपापल्या वाटेला लागले. तेरा दिवस माणसं येत होती आणि चांगलंचुंगलं बोलत होती. नाना म्हणजे देवमाणूस. नानांच्या बागेतली केळी दिल्लीच्या बाजारात डोळे मिटून ओळखायचे. नानांनी कधी कुणाला शब्दानं दुखवलं नाही. हे शेवटचं ऐकून मी पदराआड हसले. तुम्ही कार्बोरेटर उघडून बसलेले असताना मध्ये कुणी काही विचारलं, तर तुमचे शब्द सावद्याच्या स्टेशनापर्यंत ऐकू जायचे. पण ते असो. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. तेरा दिवसांत एकानंही गाडीचं नाव काढलं नाही. सुतकात हौसेमौजेचं बोलू नये, असं वाटलं असेल त्यांना. तुम्ही केळी उत्तम पिकवलीत, कबूल, पण सावद्यात केळी कोण पिकवत नाही? ती गाडी मात्र तुमच्यासारखी कुणी चालवली नाही.

म्हणून आज सकाळपासून शेडमध्ये तुमच्या तिपाईवर बसले आहे. समोर गाडी आहे, भिंतीवर तुम्ही चुन्यानं लिहिलेला ५९८ हा आकडा आहे. त्या आकड्याबद्दल मला एक कबुली द्यायची आहे. सहा वर्षं ती माझ्या जिभेवर येऊन परत जात होती. तो आकडा खोटा आहे. मी तुम्हाला खोटं वजन सांगितलं. मापाड्याची मुलगी असून.

सुरुवातीपासून सांगते. तुम्हाला माहीत असलेलंच सांगते, पण इतकी वर्षं माझ्या तोंडून तुम्ही ते शांतपणे कधी ऐकून घेतलं होतं?

गाडी माझ्याच माहेरची. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. भाऊबीजेला तुम्ही मला अमळनेरला न्यायला आलात. आबा जेवताना बोलता बोलता आपल्या जावयाला म्हणाले, की गिरणीच्या मागच्या गोदामात एक उघडी विलायती मोटार पडली आहे, दोन माणसांची. कुणी इंजिनियर होता, तो जाताना तशीच टाकून गेला. तुम्ही ताटावरून उठलात. भरीत तसंच राहिलं, कळण्याची भाकरी तशीच राहिली. संध्याकाळी परत आलात ते कोपरापर्यंत काळे होऊन, आणि चेहरा असा की पहिल्यांदा मुलगा झाला तेव्हाही तसा नव्हता. आठ दिवसांनी ती गाडी केळीच्या ट्रकमध्ये, केळीच्या पानांखाली झाकून सावद्याला आली. जणू चोरून आणली होती.

सासूबाईंनी पानं उचलून पाहिली. "हे काय आनलं रे बाप्पा? याले ना छप्पर, ना मांगं जागा. केयाचा घड कुठी ठेवशीन?"

"आई, याच्यात घड नाही ठेवायचा. याच्यात मी बसणार."

"मंग तूच घड," सासूबाई म्हणाल्या आणि घरात निघून गेल्या.

हौसेला मोल नसतं, हे तुम्ही मला रोज ऐकवायचात. मीही रोज कपाळावर हात मारून घ्यायची. पण तुम्ही त्या गाडीची सेवा ज्या तऱ्हेनं केलीत, ती पाहून माझी कुरकुर हळूहळू कमी होत गेली. जाड फायलीचा पुठ्ठा कापून तुम्ही त्याचं गॅस्केट करायचात. चाकं सरळ आहेत की नाही हे पाहायला सुताची दोरी पुढून मागे ताणायचात. दोन कार्बोरेटर सारखा श्वास घेतात का, हे पाहायला रबराच्या नळीचं एक टोक कानात आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. एकदा तुम्हाला सर्दी झाली होती, कानांना दडे बसले होते. तुम्ही नळी माझ्या हातात दिलीत. मी ऐकलं आणि म्हणाले, मागचा जास्त ओढतो आहे. तुम्ही स्क्रू अर्धा आटा फिरवलात आणि इंजिन एकसुरात चालू लागलं. त्या दिवसापासून ते काम माझ्याकडे आलं. सर्दी गेली तरी माझ्याकडेच राहिलं. मला त्याचा किती अभिमान वाटायचा, ते मी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर ऑइल बदलायचं कामही गळ्यात पडलं असतं.

मग आलं वजनाचं वेड. तुमच्या त्या जुन्या इंग्रजी पुस्तकात कुठंतरी लिहिलं होतं, की चारही चाकांवर किती भार येतो ते मोजून जुळवावं लागतं, तरच गाडी वळणावर दोन्हीकडे सारखी वळते. तुम्ही चार दिवस डोकं खाजवत होता. मी म्हटलं, यात काय अवघड आहे? आबांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये चार काटे आहेत. एकेका चाकाखाली एकेक काटा ठेवा.

सुट्टीच्या दिवशी जिनिंगच्या सपाट फरशीवर आपण तो उद्योग केला. आठवतं? तुम्ही आत बसलेले, कारण चालवणाऱ्यासकट वजन घ्यायचं असतं. हलायचं नाही, नाहीतर दांडी डोलते. आबांनी चप्पल काढली, काट्याला हात लावून कपाळाला लावला, जसं ते तीस वर्षं करत आले होते, आणि एकेका चाकाचं वजन पुकारलं. बेरीज झाली आणि तुम्ही आतून ओरडलात, "अगं, आपण समजतो त्यापेक्षा हलकी आहे!"

मी आबांच्या हाताकडे पाहत होते. "आबा, तुम्ही कडता कापला का?"

आबा दचकले. कापूस मोजताना पोत्याचं, ओलाव्याचं, कचऱ्याचं म्हणून वजनातून ठरावीक घट धरतात, तो कडता. आबांच्या जिभेला त्याची इतकी सवय, की दांडी एक सांगायची आणि तोंडातून आपोआप कमी आकडा निघायचा. त्यांनी तुमच्या चारही चाकांचा कडता कापला होता. बघायला जमलेले सगळे हसले. तुम्ही मात्र परतीच्या वाटेत जळगावपर्यंत तीच बेरीज पुन्हा पुन्हा करत होता.

त्यानंतर वजन मी घ्यायचं ठरलं. आबा बाजारात सगळ्यांना आपल्या लेकीबद्दल सांगायचे, "मना हात चुकी जाई, पन मनी अंडेर काटावर खोटं बोलाव नही." आणि तुम्ही त्याच्याही पुढे जाऊन, धुळ्याला शर्यतीसाठी आलेल्या प्रत्येक गाडीवाल्याला सांगायचात, "मापाड्याची मुलगी आहे. हिच्या काट्यात कडता नसतो." इतका विश्वास माझ्यावर दुसऱ्या कशात तुम्ही दाखवला नाहीत. आमटीतल्या मिठाची तर दर वेळी चौकशी.

दर वर्षी गाडी हलकी होत गेली. जास्तीचं चाक काढलं. सीटमधला कापूस काढला. हँडब्रेकच्या दांड्याला भोकं पाडली. शेवटी स्वतःलाही सोडलं नाहीत. साठ किलोवर एक छटाक चढू द्यायचा नाही म्हणून भरताबरोबरची पुरी बंद केलीत आणि आमच्या ताटातल्या पुऱ्यांकडे बघत बसायचात. ध्यास एकच, गाडी आणि तुम्ही मिळून सहाशेच्या आत.

आणि धुळ्याबाहेरची ती विमानांची धावपट्टी. वर्षातून दोन रविवार परवानगी मिळायची. नाशिकहून, इंदूरहून, औरंगाबादहून हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन यायचे. तेलाचे ड्रम मांडून वळणं केलेली, चुन्याच्या रेघा, आणि बाहेरच्या बाजूला कडब्याच्या पेंढ्या, कुणी घसरलंच तर अडायला. त्यांच्या गाड्या मोठ्या, इंजिनं मोठी, आवाज तर विचारू नका. आपली गाडी केळीच्या ट्रकमधून उतरली की ते हसू दाबायचे. मी नऊवारी नाही पण पाचवारी घट्ट खोचून, हातात घड्याळ घेऊन रेघेवर उभी राहिले की मग तर उघडच हसायचे. मग तुम्ही जायचात. सरळ पट्ट्यावर ते पुढे, मान्य. पण पाचव्या ड्रमच्या त्या वळणावर ते ब्रेक दाबून किंचाळत जायचे आणि तुम्ही पाय फक्त हलका करायचात. गाडी अशी वळायची, की नांगराच्या तासाच्या टोकाला शहाणा बैल सांगायच्या आधी वळतो तशी. दुपारपर्यंत हसणारे तुमच्याभोवती गोळा झालेले असायचे.

तिथूनच आपलं ते भांडण सुरू झालं. तुम्ही म्हणायचात, गाडी हलकी आहे म्हणून पळते. मी म्हणायची, तुमच्या हातांमुळे पळते.

"हात काय, सगळ्यांना दोनच असतात," तुम्ही म्हणायचात.

"पळी पण सगळ्यांकडे असते. भाजी सगळ्यांना जमते का?"

"हे पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तक लिहिणाऱ्यानं तुम्हाला पाचव्या ड्रमवर पाहिलेलं नाही."

इतकी वर्षं हेच. तुम्ही कधी माघार घेतली नाहीत. स्वतःचं कौतुक मान्य करायचं नाही म्हणून पत्र्याचं कौतुक करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. संध्याकाळी सगळे निघाले, की तुम्ही मला डाव्या सीटवर बसवायचात, डोक्यावर तुमचं जुनं हेल्मेट. "हळू नेतो," म्हणायचात. एकदाही हळू नेलं नाहीत. आणि मी एकदाही हळू न्या म्हणाले नाही.

आता कबुली.

इस्माईलभाई जळगावहून सायलेन्सरचं वेल्डिंग करायला आले होते. गाडीखालून त्यांनी मला हाक मारली. "भाभी, जरा वाकून बघा. नाना पापडावर बसून गाडी चालवून राहिले." तुमच्या सीटखालची चासीची पट्टी गंजून तडकली होती. वरचा पत्रा तुम्ही हलका करता करता इतका पातळ केला होता, की अंगठ्यानं दाबला तर दबत होता. इस्माईलभाईंनी सांगितलं, दोन लोखंडी नळ्या टाका, दोन्ही सीटांखालून एकेक, म्हणजे निर्धास्त.

तुम्ही विचारलंत, किती वजन? ते म्हणाले, बारा किलो.

"बारा किलो! दोन वर्षांत मी जेवढं काढलं तेवढं सगळं परत? ठिगळ लाव एक, बस."

मी म्हटलं, "आणि धावताना खालून निसटून पडलात तर?"

"पडलो तर गाडी साठ किलोनं हलकी होईल," तुम्ही म्हणालात आणि हसलात.

मी तीन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्हाला वाटलं, रागानं. राग नव्हता. मी भ्यायले होते. डोळे मिटले की तो पातळ पत्रा दिसायचा.

चौथ्या दिवशी केळीच्या वॅगन दिल्लीला निघाल्या आणि त्यांच्याबरोबर तुम्ही. मी टपाल कचेरीतून जळगावला फोन लावला आणि इस्माईलभाईंना बोलावलं. त्यांनी मान खाजवली. "नानांनी विचारलं तर?"

"विचारलं तर माझं नाव सांगा. नाही विचारलं, तर वेल्डिंग चांगलं करा."

दोन नळ्या बसल्या, वर पत्रा बसला, पत्र्यावर काळा रंग बसला. तुम्ही आलात, गाडीभोवती फिरलात आणि जेवायला घरात गेलात. आणि महिन्याभरात वजन करायचा दिवस आला.

जिनिंगची तीच फरशी, तेच चार काटे. आबा तेव्हा थकले होते, घरी खाटेवर होते. तुम्ही आत बसलात, हात स्टिअरिंगवर, नजर समोर. मी चप्पल काढली. काट्याला हात लावून कपाळाला लावला. उजव्या पुढच्या चाकाची दांडी एकशे सत्तावन्नवर थांबली. माझ्या तोंडून आलं, "एकशे चोपन्न." मग उरलेली तीन. प्रत्येकी तीन किलोंचा कडता. दांडीप्रमाणे बेरीज सहाशे दहा होती, तुमच्यापर्यंत पाचशे अठ्ठ्याण्णव पोहोचली. पायाखालची फरशी मला गार लागत होती. आबांनी तीस वर्षं सवयीनं कडता कापला, पण तो सगळ्यांना ठाऊक असलेला. मी जाणूनबुजून कापला आणि लपवला. तुम्ही गाडीतून उडी मारून बाहेर आलात आणि सगळ्यांसमोर माझे दोन्ही हात धरलेत. सहाशेच्या आत! घरी पोहोचल्याबरोबर तो आकडा भिंतीवर गेला.

नंतरच्याच महिन्यात धुळ्याला तुम्ही तो फेरा मारलात. त्याआधी एक मिनिट दहाच्या आत तुम्ही कधी आला नव्हता. कुणीच आलं नव्हतं, इंदूरची ती भली मोठी गाडीसुद्धा नाही. पाचव्या ड्रमला तुम्ही इतके जवळून गेलात की चुन्याची रेघ उडाली. मी घड्याळ दाबलं. एक मिनिट आठ सेकंद. मी पुन्हा पाहिलं. शेजारी इंदूरच्या गाडीवाल्यानं माझ्या हातातलं घड्याळ स्वतः पाहिलं आणि टोपी काढली. माझ्या माणसासाठी लोकांनी टोपी काढली होती. मला रडू येत होतं आणि मोठ्यानं ओरडावंसंही वाटत होतं, की अहो, बारा किलो जास्त घेऊन! बारा किलो जास्त घेऊन हा माणूस आला आहे!

आणि तुम्ही हेल्मेट काढून पहिला शब्द काय बोललात? "पाहिलंस? वजन!"

सगळं भांडण जिंकायचा पुरावा माझ्या हातात होता आणि तोंड उघडता येत नव्हतं. तोंड उघडलं असतं, तर मापाड्याच्या मुलीचा काटा खोटा ठरत होता. तुम्ही सगळ्या गर्दीला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होता, हिच्या काट्यात कडता नसतो. कान इतके तापले, की मी पाणी आणायच्या निमित्तानं ट्रककडे निघून गेले.

त्या उन्हाळ्यात आबा गेले. मी म्हटलं, आबांशिवाय आता काटा नको. तुम्ही लगेच बरं म्हणालात. पुन्हा कधी वजनाचा विषय काढला नाहीत. मला सुटल्यासारखं वाटलं. एवढ्या वजनवेड्या माणसानं वजन करणं का सोडलं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला.

आज सकाळी इस्माईलभाई भेटायला आले. तेराव्याला जमलं नाही म्हणून माफी मागत होते. मी म्हटलं, माफी राहू द्या, सीट उचला आणि तो काळा पत्रा काढा. मला माझ्या नळ्या बघायच्या आहेत. खरं सांगायचं तर तुमच्याजवळ कबुली द्यायच्या आधी मला मुद्देमाल डोळ्यांनी पाहायचा होता.

त्यांनी तुमच्या बाजूचा पत्रा काढला आणि ते बघतच राहिले. नळीला भोकं होती. मधोमध, एका ओळीत, एकसारख्या अंतरावर, रुपयाएवढी भोकं. कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या, वर लाल प्रायमर. तुमचंच काम. असं काम या तालुक्यात दुसरं कोण करतो?

"भाभी," इस्माईलभाई म्हणाले, "नानांना माहीत होतं." मग ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी रुमाल काढला.

म्हणजे तुम्ही पत्रा उचलला होता. नळ्या पाहिल्या होत्या. काढलेल्या छटाकाछटाकाचा हिशेब तुम्हाला पाठ होता; बारा किलो वाढल्यावर सहाशेच्या आत येणं शक्य नाही, हे तुमच्याइतकं कुणाला कळत होतं? भिंतीवरचा आकडा खोटा, हे तुम्हाला तेव्हाच कळलं असणार. आणि तरीही तो पुसला नाहीत. आला-गेला प्रत्येक माणूस शेडमध्ये आला की तुम्ही तोच आकडा दाखवून म्हणायचात, हिच्या काट्यात कडता नसतो. मला वाटायचं, मी तुमचा मान जपते आहे. तुम्ही माझा जपत होता.

मग इस्माईलभाईंनी डाव्या सीटचा पत्रा काढला. ती नळी अखंड होती. एकही भोक नाही. जशी त्यांनी बसवली होती तशीच.

"ही का सोडली नानांनी?" ते म्हणाले.

मी खाली वाकले. डाव्या सीटवर कोण बसायचं, ते तुम्हाला आणि मला माहीत आहे. तेरा दिवसांत मी लोकांसमोर रडले ती रीत म्हणून. आज त्या नळीवर हात ठेवून खरी रडले. एकवीस वर्षं संसार केला आणि एकदाही तुम्ही मला गोड शब्द बोलला नाहीत, अशी माझी तक्रार होती. ती मी परत घेते.

रडून झाल्यावर मी उठले. केळीच्या व्यापाऱ्यांकडून चार काटे मागवले. शेतावरच्या दोघांनी फळ्या लावून गाडी वर चढवली. मी चप्पल काढली, काट्याला हात लावून कपाळाला लावला आणि एकेका चाकाचं वजन मोठ्यानं पुकारलं, दांडी सांगेल तेवढंच. इस्माईलभाई लिहीत होते. उजव्या बाजूचे दोन्ही काटे ओळखीचे वाटेनात, फार हलके. तिथं तुम्ही नव्हता.

पाचशे एकोणपन्नास भरली. तुमचे साठ धरले, तर सहाशे नऊ. म्हणजे एवढी भोकं पाडून, एवढ्या कानशी झिजवून तुम्ही वाचवला तो एक किलो! ती भोकं त्या फेऱ्याच्या आधीची की नंतरची, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण कशीही धरा, नळ्या बसल्यापासून गाडी सहाशेच्या आत कधीच नव्हती. एक दिवसही नाही.

मी तुमचाच चुन्याचा डबा घेतला. ५९८ पुसला नाही, तुम्ही ठेवला तसा ठेवला. त्याच्याखाली ६०९ लिहिलं. माझं अक्षर तुमच्यासारखं सरळ नाही, पण वाचता येतं. इस्माईलभाईंना मी त्या दिवसाचं घड्याळ दाखवलं. ते अजून माझ्याजवळ आहे, एक मिनिट आठवरच थांबवलेलं. चावी मी परत कधी दिलीच नाही. ते घड्याळ आता आकड्याखालच्या खिळ्याला टांगलं आहे.

सहाशे नऊ किलो, नाना, आणि एक मिनिट आठ सेकंद. वजनानं नाही झालं ते. हात काय, सगळ्यांना दोनच असतात म्हणे.

आता बोला.